रजिस्टर रात्रीत भरू नकोस, आधी त्या बाईंना फोन कर

पत्र असं आलंय :

"ताई, मी जीएनएम नर्स आहे. पुण्यात एका स्किन स्पेशालिस्टकडे बरीच वर्षं काम केलं, सगळं तिथंच शिकले, कॉस्मेटॉलॉजीचा सर्टिफिकेट कोर्सही केला. दोन वर्षांपूर्वी सांगलीत विश्रामबागला स्वतःचं क्लिनिक काढलं. बोर्डावर एका एमबीबीएस डॉक्टरांचं नाव आहे, ते विट्याला असतात, महिन्यातून एक रविवार येतात, बाकी लेझर, पील, बोटॉक्स, फिलर, ग्लुटाथायोनचं ड्रिप सगळं मीच बघते. मागच्या आठवड्यात एका कस्टमरनी ओठाला फिलरनंतर सूज राहिली म्हणून तक्रार केली आणि दोन साहेब आले. फ्रिज उघडून बघितला, बिलं मागितली, पुढच्या आठवड्यात येतो, कागद तयार ठेवा म्हणाले. माझी नणंद ग्लासगोला नर्स आहे, तिचं स्वतःचं एस्थेटिक क्लिनिक आहे, तिच्याकडेही तपासणी झाली आणि चांगला शेरा मिळाला. ती म्हणते कागद असले की झालं. मिस्टर म्हणतात दोन रात्री बसून रजिस्टरं भरून काढू. डॉक्टर फोन उचलत नाहीयेत, लेझर मशीनचा हप्ता चालू आहे. काय करू? – एक सिस्टर, सांगली"

सिस्टर,

तुझ्या पत्रात साहेब आहेत, फ्रिज आहे, नणंद आहे, मिस्टर आहेत, हप्ता आहे, पण त्या बाईंचा ओठ आता कसा आहे हे कुठंच नाही. मी पत्र परत वर जाऊन शोधलं, नाहीच. रागावून नाही सांगत. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, पण सगळ्यात आधी हेच बघायचंय.

आत्ता हे वाचतीयस तर वाचणं थांबव आणि त्यांना फोन कर. तक्रार मागं घ्या म्हणायला नाही हं, तो विषयच काढू नकोस, नुसतं विचार : दुखतंय का, ओठाचा रंग बदललाय का, पांढरट किंवा जाळीदार निळसर डाग दिसतोय का, गाठ लागतीय का, ताप आहे का. फिलर, म्हणजे ओठ भरीव करायला टोचलेलं ते द्रव्य, चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनीवर दाब आला तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरायला लागते, आणि तिथं तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही, हे तुला पुण्यात शिकवलं असेलच. आठवडे उलटून राहिलेली सूज बहुतेक वेळा दुसरी असते, म्हणजे गाठ, इन्फेक्शन, नाहीतर फिलरलाच शरीराने दिलेली रिॲक्शन, पण ते फोनवरून तू किंवा मी ठरवायचं नाही. त्यांना त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा, सांगली-मिरजेत भरपूर आहेत, नाहीतर सिव्हिलला किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजला स्किन ओपीडी आहे. खर्च तू कर. आणि जाताना त्या सिरिंजच्या खोक्यावरचा बॅच नंबर, कंपनीचं नाव, किती एमएल कुठं घातलं हे कागदावर लिहून त्या डॉक्टरांच्या हातात दे, कारण समोरच्याला काय घातलंय ते कळल्याशिवाय ते विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की अँटिबायोटिक, हे तो ठरवू शकत नाही. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असेल तर हायल्युरोनिडेजने विरघळतं, दुसऱ्या जातीचं असेल तर नाही विरघळत. तुझ्याकडे हायल्युरोनिडेज होतं का त्या दिवशी? फिलर करणाऱ्या जागी ते नसणं मला पटतच नाही, आणि मला वाटतं तुझ्याकडे नव्हतं, कारण असतं तर तू पत्रात लिहिलं असतंस.

हे झालं की मग बाकीचं.

रजिस्टर रात्रीत भरायचं मिस्टरांचं जे चाललंय ते आजच बंद कर. मी क्लिनिकांची लायसन्सची आणि बायोमेडिकल वेस्टची कागदं बघते, हेच माझं रोजचं काम, त्यामुळे एका बैठकीत भरलेलं रजिस्टर लांबून ओळखू येतं मला आणि त्या साहेबांनाही येतं. शाई एक, दाब एक, अक्षराचा तिरकेपणा एक, पानाचा कोपरा दुमडलेला नाही, कुठं चहाचा डाग नाही. आपल्याच भागात एका ठिकाणी फ्रिजच्या तापमानाचं रजिस्टर बघितलेलं मी, रोज सकाळी ४ डिग्री, रोज संध्याकाळी ४ डिग्री, आणि त्यात ऑगस्ट २०१९ चा महापुराचा आठवडासुद्धा, अर्धी सांगली पाण्यात, लाईट नाही, लोक बोटीतून बाहेर काढतायत आणि ह्यांचा फ्रिज मात्र शांतपणे ४ डिग्रीवर. साहेब हसले नाहीत, त्यांनी ते पान लावून ठेवलं. नसलेलं रजिस्टर ही त्रुटी आहे, नोटीस येते, सुधारायला सांगतात. खोटं रजिस्टर हा सरळ फौजदारी मामला आहे, आणि पुढं कधी कोर्टात तू खरं बोललीस तरी त्या एका रजिस्टरमुळे कुणी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा आज तारीख टाक, आजपासून लिही, आणि साहेबांना सांग की आधी ठेवत नव्हतो, अमुक तारखेपासून सुरू केलंय. लाज वाटेल थोडी, वाटू दे.

आता नणंदबाईंचं.

तिचं म्हणणं खोटं नाही पण अर्धवट आहे, म्हणजे तिने तुला शेवटचा भाग सांगितला आणि आधीचा सगळा गाळला. स्कॉटलंडमध्ये अशा क्लिनिकवर एकच संस्था आहे, हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंड, आणि एप्रिल २०१६ पासून डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, मिडवाईफ असं कुणीही खाजगी क्लिनिक चालवत असेल तर तिथं नोंदणी करावीच लागते. म्हणजे नर्सने स्वतःच्या नावावर क्लिनिक चालवणं तिकडच्या कायद्यात बसतं, त्यासाठी खिडकी आहे. पण बोटॉक्स तिकडंही चिठ्ठीचंच औषध आहे. चिठ्ठी लिहायची तर नर्सला वेगळं प्रिस्क्रायबिंगचं शिक्षण घ्यावं लागतं, ते कौन्सिलच्या नोंदीत चढतं, आणि ते नसेल तर चिठ्ठी लिहिणारा दुसरा कुणीतरी लागतो. १ जून २०२५ पासून तर ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने सांगून टाकलंय की असली सौंदर्याची औषधं लिहून देण्याआधी नर्सने पेशंटला समोर बसवूनच तपासायचं, फोनवर नाही, व्हिडिओवर नाही. हे वाचून तुला विट्याच्या डॉक्टरांची आठवण झाली असेल तर बरोबर जागी झाली.

आणि तिथं तपासणीत बघतात काय? त्यांचे रिपोर्ट संस्थेच्या साईटवर सगळ्यांना वाचायला खुले असतात, नणंदेचा रिपोर्ट मागून घेच, तिला राग येणार नाही. क्लिनिकने आधी स्वतःचं मूल्यमापन लिहून द्यायचं, मग इन्स्पेक्टर येतात, कधी सांगून कधी न सांगता, पेशंटच्या फायली उघडतात. फॅमिली डॉक्टरचं नाव लिहिलंय का, नातेवाईकाचा नंबर आहे का, उपचारानंतर काय काळजी घ्यायची ते सांगितल्याची नोंद आहे का, उरलेलं बोटॉक्स कुठल्या डब्यात टाकता, असलं बारीक बारीक. एक गोष्ट तर मला फार आवडते, बोटॉक्सची पावडर साध्या सलाईनऐवजी प्रिझर्व्हेटिव्ह असलेल्या सलाईनमध्ये कालवली, ज्याने टोचताना कमी दुखतं, तर ते कंपनीच्या लेबलबाहेरचं आहे म्हणून पेशंटला तसं सांगून त्याची संमती फाईलला आहे का, हेसुद्धा ते विचारतात. सांग बरं, तू कशात कालवतेस आणि कुणाला सांगतेस?

तर कागद असले की झालं म्हणजे हे. तिच्याकडे कागद आहेत कारण आधी काम तसं झालंय.

आपल्याकडची गंमत वेगळी. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट ॲक्ट २०१० चा, तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा, ज्याचे नियम २०२१ ला बदलले, पण तो मुळात पेशंट दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी. तुझ्यासारखी बिनखाटांची ओपीडी असली की एकच एक लायसन्स देणारं खातं नाही, आणि तिथंच बऱ्याच जणींची फसगत होते, शॉप ॲक्टची पावती काढली, फ्रेम करून लावली, झालं क्लिनिक. शॉप ॲक्ट म्हणजे दुकान आहे एवढंच गं. एक खातं नाही म्हणून कुणीच नाही असं होत नाही, उलट चार बाजूंनी चार जण येतात : औषधाला एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन, कचऱ्याला प्रदूषण मंडळ, डॉक्टर खरा की बोगस हे बघायला महापालिकेचा आरोग्य विभाग आणि ती बोगस डॉक्टर शोध समिती, आणि तक्रार गेलीच तर पोलीस.

म्हणून पहिला प्रश्न, ते दोन साहेब नक्की कुठले होते? पत्रात तू नुसतं साहेब लिहिलंयस. फ्रिज उघडला आणि बिलं मागितली म्हणजे एफडीएचे औषध निरीक्षक असावेत असा माझा अंदाज, पण पुढच्या वेळी ओळखपत्र बघ, नाव-हुद्दा वहीत लिही, यात उद्धटपणा काही नाही. निरीक्षकाला आत यायचा, तपासायचा, नमुना घ्यायचा अधिकार आहे, त्यामुळे दार अडवू नकोस. औषधाची व्हायल पर्समध्ये घालून घरी न्यायची बुद्धी तर अजिबात नको. त्यांनी नमुना घेतला तर फॉर्म १७ वर तसं कळवतात आणि नमुन्याचा एक भाग तुलाही सीलबंद मिळतो, माल जप्त केला तर फॉर्म १६ ची पावती, आणि माल हलवू नका असा हुकूम दिला तर तो फॉर्म १५ वर आणि जास्तीत जास्त २० दिवसांचा. पंचनाम्यावर सही करायच्या आधी पूर्ण वाच, प्रत माग. न पटणारं काही असलं तर तिथंच खाली लिही आणि मग सही कर.

अजून एक, मध्ये कुणीतरी येईल, येतंच, "वहिनी मी मिटवून देतो" म्हणणारं. दारातूनच परत पाठव. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरतात, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपतचा नंबर १०६४, एका लेझरची वेव्हलेंग्थही १०६४च असते, त्यामुळे तुम्हा लेझरवाल्यांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागणार नाही.

आता मुख्य दुखणं, जे तुलाही माहितीये, म्हणून तर तू ते पत्रात घाईघाईत एका ओळीत उरकलंस.

पेशंटला कोण तपासतं? ह्या बाईला फिलर द्यायचं की नाही, तिला ॲलर्जी आहे का, ती रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते का, दिवस गेलेत का, हे ठरवून कागदावर लिहिणारा माणूस कोण? तुझ्या क्लिनिकमध्ये तो माणूस महिन्यातून एका रविवारी येतो, म्हणजे बाकीचे दिवस ते तूच ठरवतेस, तूच औषध निवडतेस, तूच टोचतेस. ह्याला आपल्या राज्यात नर्सिंग म्हणत नाहीत, ह्याला डॉक्टरकी करणं म्हणतात. आपल्याकडे १९६१ चा महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आहे, त्याचं कलम ३३ नोंदणी नसलेल्याने प्रॅक्टिस करण्याविरुद्धच आहे, आणि वर केंद्राचा २०१९ चा नॅशनल मेडिकल कमिशन ॲक्ट, त्यात कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा जीएनएम खरा आहे, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी खरी आहे, हात चांगला आहे असं मी धरूनच चालते, पण बोगस ठरायला हात वाईट असावा लागत नाही. १९९६ साली सुप्रीम कोर्टात एक होमिओपॅथ ॲलोपॅथीची औषधं देत होते तो खटला गाजला, त्यांची स्वतःची पदवी अगदी अस्सल होती, तरी कोर्टाने जी पॅथी शिकला नाहीस ती करणारा भोंदूच असं म्हटलं. मग सर्टिफिकेट कोर्सची काय कथा. मेडिकल कमिशनने सप्टेंबर २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटवर सूचना काढल्या त्यात तर डॉक्टरांनाच बजावलंय की वर्कशॉप बघून नाहीतर यूट्यूब बघून शिकलो हे चालणार नाही.

औषधांचंही तिथंच येऊन अडतं. रजिस्टर्ड डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला द्यायला औषध जवळ ठेवलं तर त्याला मेडिकल दुकानाचं लायसन्स लागत नाही, अशी सवलत आहे, पण ती डॉक्टरला आहे, त्याच्या खाली तू आहेस तोवर तुला तिची सावली मिळते. तो क्लिनिकमध्ये नसतोच आणि बिलंही तुझ्या नावावर, म्हणजे सवलत गेली. साहेबांनी बिलं त्यासाठीच मागितली. आणि बिलं आहेत का तरी सगळ्यांची? कोरियाचं म्हणून व्हॉट्सॲपवर कुरिअरने येणारं स्वस्त फिलर घेतलंयस का? फिलर हे आता मेडिकल डिव्हाईसच्या २०१७ च्या नियमांत येतं. बाहेरून आलेल्या खोक्यावर इथल्या आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात लायसन्सचा नंबर असायला पाहिजे. आत्ता जाऊन फ्रिजमधलं एकेक खोकं हातात घेऊन उलटून बघ. ज्याच्यावर नुसती कोरियन अक्षरं आणि चमकी आहे ते बाजूला काढ, वापरू नकोस, फेकूही नकोस, साहेब आले की दाखव आणि कुठून घेतलं ते सांग. बाईंच्या ओठात त्यातलंच गेलं असेल तर तर ते जपूनच ठेव.

फ्रिज उघडलाच आहेस तर अजून बघ. बोटॉक्स २ ते ८ डिग्रीत, कालवल्यावर २४ तासांत वापरून संपवायचं आणि कंपनीचं लेबल एक व्हायल एका पेशंटला म्हणतं. तुझ्या फ्रिजच्या दारात, जिथं प्रत्येक उघडझाकीला गरम हवा लागते, एखादी अर्धी व्हायल असेल, झाकणावर पेनाने काही लिहिलेलं नसेल, कधी कालवली ते तुलाही आठवणार नाही, शेजारी दुपारच्या डब्यातलं दही असेल. मी तुझा फ्रिज बघितलेला नाही. इतक्या क्लिनिकांचे बघितलेत की बघायची गरज नाही. दही बाहेर, बिनतारखेची व्हायल बाद, औषधं मधल्या कप्प्यात, वीस मिनिटं लागतात ह्याला.

ग्लुटाथायोन ड्रिप बंद कर, डॉक्टर मिळाला तरी बंदच ठेव हे माझं मत. गोरं करण्यासाठी म्हणून त्या इंजेक्शनला आपल्याकडे मंजुरी नाही, आणि लग्नसराईत नवरीला शिरेतून काहीतरी सोडून गोरी करायची ह्या सगळ्या प्रकाराचाच मला वैताग आहे, पण ते राहू दे. इन्स्टावरची ती आधी-नंतरची रील्सही काढ, त्यात बाईचा चेहरा दिसतोय आणि तिला विचारलंयस की नाही देव जाणे. "गोरेपणाची गॅरंटी" असलं लिहिलं असशील तर औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये गोरेपणा सरळ नावानिशी आहे, औषधाने गोरं करतो असा दावाच करता येत नाही.

कचरा. सुया कुठं जातात सिस्टर? वॉर्डात असताना तू निडल कटर न वापरणाऱ्या इंटर्नवर ओरडली असशील, मला खात्री आहे, मग स्वतःच्या क्लिनिकची पिशवी घंटागाडीत कशी जाते? बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम बिनखाटांच्या क्लिनिकलाही लागू आहेत. प्रदूषण मंडळाची परवानगी काढायची, बिनखाटांच्या जागेला ती एकदाच काढावी लागते, कचरा उचलणाऱ्या अधिकृत कंपनीशी करार करायचा, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळीत, सिरिंज-ट्यूब लालमध्ये, काचेच्या व्हायल निळ्यात, आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक रिपोर्ट. तुझ्याकडे हातमोजे घालून काम करणारी कुणी मुलगी असेल तर तिला हिपॅटायटिस बी ची लस दिलीयस का, तेही ह्याच नियमांत आहे. पीआरपी (पेशंटच्याच रक्तातला घटक टोचणं) किंवा डर्मापेन (बारीक सुयांचं यंत्र) करत असशील तर ह्या भागाकडे जास्तच बघ, कारण अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका बिनलायसन्सच्या स्पामध्ये "व्हॅम्पायर फेशियल" घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाला, तो स्पा २०१८ ला बंद केला आणि त्याचा रीतसर अहवाल तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, सीडीसीने, २०२४ ला छापला. त्या बायका चेहरा उजळायला गेल्या होत्या फक्त. तपासणी कशासाठी असते हा प्रश्न मनात आला की हे आठव, साहेबांचा चेहरा नको.

मग क्लिनिक बंदच करायचं का? नाही. इंजेक्शनं, ड्रिप, लेझर, खोल पील, चामखीळ जाळणं हे आजपासून थांबव, अपॉइंटमेंटवाल्यांना फोन करून पुढं ढकललं म्हणून सांग, कारण विचारलं तर डॉक्टर उपलब्ध नाहीत असं सांग, जे खरंच आहे. सुई न लागणारं साधं फेशियल, क्लीनअप चालू ठेव, पण त्यावेळी बोर्डावरचं क्लिनिक आणि डॉक्टरचं नाव झाकलेलं असू दे. विट्याच्या डॉक्टरांना एकदा लेखी कळव, व्हॉट्सॲपवर चालेल पण लेखी, की अशी तक्रार आणि तपासणी झालीये, तुम्ही येऊन उभे राहणार आहात की नाही. ते फोन का उचलत नाहीयेत ते मला कळतं, त्यांचीही नोंदणी मेडिकल कौन्सिलपुढं जाऊ शकते, नाव भाड्याने दिल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. त्यांच्या वतीने खोटं बोलू नकोस. साहेबांनी विचारलं की ते कधी येतात, तर महिन्यातून एक रविवार. एवढंच उत्तर. आणि साहेब यायच्या आधी एखाद्या वकिलाला अर्धा तास दे, फौजदारी बघणाऱ्याला, जमिनीचे दावे बघणाऱ्या मामेसासऱ्यांना नको.

पुढं मग खरा डॉक्टर बघ. त्वचेचा एमडी, डीव्हीडी म्हणजे त्वचेचा डिप्लोमावाला, नाहीतर प्लास्टिक सर्जन, जो आठवड्यातले ठरलेले दिवस तुझ्या जागेत बसेल, प्रत्येक पेशंटला स्वतः बघेल, केसपेपरवर स्वतःच्या नोंदणी नंबरनिशी लिहील, संमती स्वतः समजावून घेईल, आणि टोचायचं काम स्वतः करेल नाहीतर शेजारी उभा राहून करवून घेईल. औषधं त्याच्या नावावर येतील. जागा, माणसं, हिशेब, फ्रिज, स्वच्छता, पेशंटचा पाठपुरावा हे सगळं तू चालव, ह्यात तुझ्याइतकं चांगलं कुणी करणार नाही, मिरजेत-सांगलीत शिकलेल्या सिस्टरांच्या जिवावर किती हॉस्पिटलं उभी आहेत ते इथल्या प्रत्येकाला माहितीये. केसपेपर किमान तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे ते, त्या बाईंनी मागितले तर आजच दे, जसे आहेत तसे, त्यात आता एक अक्षर वाढवू नकोस.

नफा कमी होईल. डॉक्टर निम्मा तरी घेईल, जास्तही मागेल, आणि तुला वाटेल सगळं मी करते आणि पैसे हा नेतो. वाटणारच. नणंदेसारखं नर्सला स्वतः लिहून द्यायचा अधिकार आपल्याकडे ह्या कामात नाही. तो असावा की नसावा यावर माझंही मत आहे, शिकवून, परीक्षा घेऊन, नोंद करून काही गोष्टी द्यायला हरकत नाही असं मला वाटतं, पण ते नर्सिंगच्या नव्या २०२३ च्या कायद्याखाली, कमिशनपुढं मांडायचं. बाईंच्या ओठावर आजमावायचं नाही.

हप्त्याचं : बँकेत स्वतः जा, हप्ता चुकायच्या आधी जा. चुकल्यावर गेलं की बोलणं वेगळं होतं. मशीन कुणा स्किनवाल्या डॉक्टरला भाड्याने देता येतं का विचार, कराड-इस्लामपूरकडे नवीन ओपीडी टाकणाऱ्यांना विकत घेणं परवडत नाही, ते घेतात. विकायचंच झालं तर मशीनची बिलं, सर्व्हिसचे कागद आणि तिच्याबरोबर आलेले चष्मे एकत्र ठेव, त्या लेझरच्या वेव्हलेंग्थचे ते चष्मे नसतील तर जाणकार माणूस भाव निम्म्यावर आणतो.

आणि फोन केलास का त्यांना?